कालव्याच्या वळणावरचा डिपर

गोष्ट साधी आहे. एक बाप बसस्टँडवरून आपल्या मुलीला आणायला निघाला होता. मघापासून तुमचं जे चाललंय ना, पांढरा दिवा बरा की पिवळा, डिपर आधी कोणी द्यायचा, बंपरवर फोकस किती लावायचे, ते जरा बाजूला ठेवा आणि ऐका. आणि तू रे, तो मोबाइल खाली ठेव. तोंडावर उजेड पाडून बसलाय. ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर हे ओढवलं, तो माणूस दहा वर्षं ड्रायव्हर लोकांच्या याच खोलीत, त्या खिडकीजवळच्या खाटेवर झोपायचा.

त्याला सगळे फोकस म्हणायचे. कारण सांगायला नको. जीपच्या बंपरवर चार जादा दिवे, मूळचे दोन धरून सहा. सगळे पांढरे, सगळे सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं चाक रुतलं तर पहिला हाच धावायचा. पण गाडीत बसला की डोक्यात वारं शिरायचं. "गाडी माझी, बॅटरी माझी, डोळे ज्याचे त्याचे," असं म्हणायचा आणि आपल्याच बोलण्यावर हसायचा. मी दहा वेळा सांगितलं असेल, बाबा, समोरून गाडी आली की दिवा खाली कर, तेवढ्यानं तुझं काही कमी होणार नाही. तर मलाच म्हणतो, "काका, तुमचे डोळे म्हातारे झाले." घ्या!

तर नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. संध्याकाळी सात वीसला हा कालव्याच्या रस्त्यानं घरी येत होता. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला कालवा, मध्ये जेमतेम दीड गाडीची वाट, आणि त्या वळणावर कठडा नाही. धुकं होतं. समोरून एक मोपेड येत होती. दिवा अगदी मिणमिणता, पिवळा. त्या माणसानं दिव्याची दोनदा उघडझाप केली. म्हणजे, बाबा रे, जरा खाली कर, मला दिसत नाही.

फोकसनं केला नाही. घाई नव्हती, राग नव्हता. नुसता हट्ट.

गाडी पुढे गेली. सवयीनं त्यानं आरशात पाहिलं. मागे मोपेडचा लाल ठिपका दिसायला हवा होता. दिसला नाही. वळणामुळे असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

शनिवारी कालव्यातून मोपेड काढली. आणि माणूसही. गावातला घड्याळजी होता तो. साडेसहाला दुकान बंद करायचा आणि रोज सात वीसला त्या वळणावर असायचा, इतका वक्तशीर. इथे आम्ही सगळे हळहळलो. कोणीतरी म्हणालं, झोप लागली असेल. "झोपच लागली असणार," असं सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं असेल? फोकस. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चहा ढवळत होता, आणि चहात साखर नव्हती. त्याला साखर बंद होती.

त्या दिवसापासून त्यानं कालव्याचा रस्ता सोडला. चाळीस मिनिटांचा वळसा घालून हायवेनं जायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, खड्डे फार आहेत.

आता येऊ या मुलीकडे. पाच आठवड्यांनंतरची गोष्ट, डिसेंबरातला गुरुवार. मुलगी अकरा वर्षांची, मामाकडे आठ दिवस राहून परत येत होती. एकुलती एक, बापाचा जीव की प्राण. तिला दम्याचा त्रास. हा बसस्टँडवर गेला तेव्हा नेहमीसारखा शीळ घालत गेला. सात वाजून पाच मिनिटांनी बस आली. पोरगी उतरली ती दरवाजाचा दांडा धरून. ओठ निळसर. कंडक्टर म्हणाला, "अहो, मघापासून धाप लागलीय तिला. पंप संपलाय म्हणते."

फोकसच्या तोंडचं पाणी पळालं. स्टँडजवळचा दवाखाना बंद. हॉस्पिटल कालव्याच्या पलीकडे. हायवेनं चाळीस मिनिटं. कालव्यानं वीस.

त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि गाडी कालव्याकडे वळवली. दुसरा काय करणार होता? तुम्ही काय केलं असतं?

शेतं सुरू झाली तसं धुकं आलं. त्यानं सहाच्या सहा दिवे लावले. आता धुक्यात अप्पर, वरचा उजेड लावला की काय होतं, ते तुम्हा शहाण्यांना सांगायला हवं का? समोर पांढरी भिंत उभी राहते. पण तो घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर माणूस सवयीनं वागतो. शेजारी पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तो तेवढाच ऐकत होता. वाजतोय ना? वाजतोय.

गाडीतल्या घड्याळात सात अठरा.

वळण आलं.

सात वीस.

समोर दिवा दिसला. एकच. मिणमिणता. पिवळा.

दोनदा उघडझाप झाली.

रस्त्यावर दुसरं कोणी नाही. आवाज नाही. फक्त तो दिवा, हळूहळू येणारा...

पुन्हा दोनदा.

"बाबा..." पोरगी कशीबशी म्हणाली. ड्रायव्हरची पोर ती, तिला सगळं कळत होतं. "बाबा... ते काका... डिपर मागतायत."

त्याचा हात बटणाकडे गेला. आणि थांबला.

का थांबला, ते त्यानं नंतर मला सांगितलं. त्याला वाटलं, दिवा खाली केला तर समोरच्याचा चेहरा दिसेल.

"बाबा, द्या ना..."

त्यानं हात परत स्टिअरिंगवर नेला. दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

पिवळा दिवा पांढरा झाला.

एकाचे दोन झाले. दोनाचे सहा.

त्याला ते दिवे ओळखू आले. त्याचेच होते.

मग काही दिसेना. रस्ता दिसेना, बॉनेट दिसेना, शेजारची पोर दिसेना. त्यानं डोळे मिटले. तरी उजेड आतच. ब्रेक दाबला. चाकं घसरली. गाडी कुठे चाललीय ते कळेना. तो ओरडला, काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही. तोंड भाजत होतं. डोळे आता जाणार... गेले...

आणि एकदम डोळ्यांवर काहीतरी गार आलं.

ओलं.

गाडी थांबली.

...

किती वेळ गेला, माहीत नाही. खिडकीच्या अगदी जवळून मोपेडचा आवाज गेला. हळू. घरी जाणाऱ्या माणसाचा. मग तोही नाही.

"बाबा," पोरगी म्हणाली, "चला ना."

त्यानं चाचपडत सगळे दिवे बंद केले आणि नुसता खालचा उजेड लावला. तेव्हा कुठे रस्ता दिसला. रस्ता उजवीकडे होता. गाडीचं पुढचं चाक कालव्याच्या काठावर होतं, आणि चाकापुढे वीतभर माती.

त्यानं गाडी मागे घेतली. तेवढ्याच उजेडात हॉस्पिटलपर्यंत नेली. पोरीला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. नऊच्या सुमारास ती झोपली आणि याच्या जिवात जीव आला. तेव्हाच त्यानं मला फोन केला. नुसता रडत होता. "काका, मी मारलं त्याला. मी दिवा खाली केला नाही." त्या रात्री सगळं बोलला.

मी पहाटेच पोचलो. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. नर्स त्याच्याकडे बघून थबकली होती. मीही थबकलो.

त्याचा चेहरा भाजला होता. वेल्डिंगच्या उजेडासमोर दिवसभर उभा राहिल्यासारखा, लालबुंद, कानांपासून हनुवटीपर्यंत. फक्त डोळ्यांवरून आडवी एक जागा तेवढी भाजली नव्हती. तिथली कातडी जशीच्या तशी. मी जवळ गेलो. तो हाताचा आकार होता. तळवा आणि पाच बोटं.

मी म्हटलं, अरे, उजेडापुढे तू हात धरला असशील. भीतीनं विसरलास.

तेवढ्यात आतून पोरगी म्हणाली, "नाही हो आजोबा. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी बघत होते."

"आणि उजेड केवढा होता गं?"

"कुठला उजेड? त्या काकांचा एवढासा तर दिवा होता."



त्याच दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, मला त्यांच्या घरी जायचंय. सांगून टाकायचंय. पुढे पोलीस, कोर्ट, जे व्हायचं ते होऊ दे. मीच घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतभर घड्याळं. लोकांनी दुरुस्तीला दिलेली, परत न नेलेली. घड्याळजीच्या बायकोनं दार उघडलं. फोकसनं हात जोडले. तोंड उघडलं.

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत जाऊन टॉर्च आणली. घड्याळं उघडताना वापरतात ना, तसली बारीक. त्याच्या चेहऱ्याजवळ धरली. बराच वेळ बघत राहिल्या. डोळ्यांवरून उमटलेल्या त्या हाताच्या एकेका बोटावरून टॉर्च फिरवत गेल्या. शेवटच्या बोटाशी थांबल्या.

फोकस अजून एक शब्द बोललेला नव्हता.

बाई म्हणाल्या, "त्यांची करंगळी अशीच वाकडी होती."

आणि त्यांनी टॉर्च विझवली.