कॅमेऱ्याशेजारची जागा

"वाल कडवा आहे ना नक्की?" सरूनं पोत्यातला एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला.

"कडवाच हाय. पिकवणाऱ्यावर गेलाय," पोत्यामागचा माणूस खाली मान घालून काटा पुसत म्हणाला.

दाणा दातातच राहिला. हा आवाज... जरा जाड झाला होता, पण वाक्य संपता संपता हसू दाबायची ती लकब? ती तर सरूनं एके काळी रोज ऐकली होती, गोरेगावच्या सेटवर, डोक्यावर लाईट तापलेले असताना. तिनं वाकून बघितलं. त्यानंही मान वर केली. रोह्याच्या बाजारात भर दुपारी, मिरच्यांचा खकाणा उडालेला, आणि समोर कोण, तर तिचा ईशान.

"ईशान?" तिच्या तोंडून निसटलंच.

"रेवा," तो म्हणाला, आणि मग ते दाबलेलं हसू बाहेर आलं. "दिनानाथ म्हण गो. इथं ईशान म्हटलंस तर बाजार गोळा होईल."

आता हे ईशान-रेवा कोण, ते सांगायला हवं. दहाएक वर्षांपूर्वी 'पाचांचा बाक' नावाची एक मालिका लागायची. कॉलेजातली पाच पोरं, एकच बाक, आणि अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांचा जेवताना टीव्हीपुढे ठिय्या. त्यात रेवा म्हणजे पेणची सरू आणि ईशान म्हणजे निडीचा दिनानाथ. दोघंही शाळेच्या नाट्यस्पर्धेतून उचललेली, सतरा-अठराची. ईशान रेवाला मनातलं सांगणार, सांगणार म्हणून लोक टांगून राहिले आणि तो सांगायच्या आदल्या आठवड्यात चॅनेलनं मालिकाच बंद केली. का, ते कुणालाच कधी कळलं नाही.

पुढे पाचांचं काय झालं म्हणाल तर एक कल्याणला जिम चालवतो, एक लग्न करून कॅनडात गेली, एक अजून मालिकांत नायकाचा थोरला भाऊ होतो. सरूनं काही वर्षं ऑडिशनं दिली, मग पेणला परत येऊन आईबरोबर दुकान थाटलं. पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि वालाच्या सोललेल्या डाळिंब्या. दुकान असं चाललं की मुंबईची माणसं गाडी वळवून येऊ लागली. पण पापड घेता घेता प्रत्येकजण तिच्याकडे निरखून बघायचा आणि विचारायचाच, "अहो, तुम्ही रेवा ना? मग पुढे काय झालं हो?"

काय सांगणार? पुढे काही झालंच नव्हतं. पडद्यावरही नाही, आणि... जाऊ दे. तेच तर तिचं दुखणं होतं.

"तू शेती करतोस?" तिनं विचारलं.

"भात काढला की वाल. वालाला लाड लागत नायत, दवावर वाढतो. नट्यांसारखं नाय."

"नट्यांना काय लागतं रे?"

"पंखा. तुला मेकअपला पंखा लागायचा. मी धरायचो."

"तो स्पॉटदादा धरायचा."

"तुझे डोळे मिटलेले असायचे. तुला काय ठाऊक कोण धरायचं ते."

सरूच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं उगाच आणखी चार दाणे चावून बघितले. आता बोलावं की न बोलावं... बोललीच. महिन्याभरापूर्वी कमळाकर सरांचा, म्हणजे त्यांच्या जुन्या दिग्दर्शकांचा, फोन आला होता. 'पाचांचा बाक'चा एक खास भाग करायचाय. राहिलेला तो प्रसंग. ईशान रेवाला सांगतो. चॅनेलची अट एकच, दोघंही हवीत, नाहीतर भागच नको.

"त्यांनी तुला शोधलं, पण तुझा नंबर कुणाकडे नव्हता," ती म्हणाली. "दिना, करूया ना. एकदा ते पुरं होऊ दे. मला फार हवंय रे."

त्याचं हसू मावळलं. काटा बाजूला ठेवून तो म्हणाला, "बाकी काय पण सांग. ते नाय जमायचं."

"का?"

"ते वाक्य मी कॅमेऱ्यापुढे नाय बोलणार."

बस्स. एवढंच. सरूला असा राग आला म्हणता! एवढ्या वर्षांनी भेटला, पंख्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि वाक्य मात्र बोलणार नाही. म्हणजे तिच्याबरोबर उभं राहायचीही याला लाज वाटते की काय? तिनं पिशवी उचलली.

"वाल?" त्यानं विचारलं.

"पेणला मिळतो वाल."

"खडे असतात त्यात." तो पोत्याला वळसा घालून पुढे आला. "शनिवारी निडीला पोपटी लावतोय, शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या. संध्याकाळी ये. रागावूनच ये हवं तर, पण ये."

शनिवारी संध्याकाळी सरू निडी स्टेशनात उतरली. त्याचं मन वळवायला म्हणून चाललेय, असं आईला सांगून आली होती. आई, विमलबाई, पापडाच्या लाट्या करता करता म्हणाली होती, "मन वळवायला जातेस ते ठीक, पण अबोली कशाला माळलीस गो?" सरूनं घाईनं चपला पायात सरकवल्या होत्या.

दिनानाथ स्टेशनाबाहेर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. शेतात पोपटी लावायला इस्त्रीचा शर्ट! दोघांनी एकमेकांकडे बघितलं, अबोलीकडे आणि शर्टाकडे बघितलं, आणि दोघंही चालू लागली.

शेतात पाचपंचवीस माणसं जमली होती. हवेत गारठा, पायाखाली ओलसर दव, आणि कुठूनतरी भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो उग्र, भूक चाळवणारा वास. दिनाच्या आईनं, गिरजाबाईंनी, सरूला हाताला धरून गोणपाटावर बसवलं. "बस गो बाय. टीव्हीत होतीस त्यापक्षी बरी दिसतेस. तवा लयच वाळकी होतीस."

दिनानं मडकं भरायला घेतलं. तळाला भांबुर्डा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या ताज्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, परत शेंगा, वर दाबून पाला. पाण्याचा थेंब नाही. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या रचून जाळ केला. त्याचा चुलता मोरूकाका सरूला कौतुकानं म्हणाला, "आमच्या दिनाच्या हातची पोपटी म्हंजे पंचक्रोशीत नाव हाय. मडक्यावर पाणी शिंपडून नुसत्या आवाजावर सांगतो, झाली का नाय."

दिना जाळाशेजारी उकिडवा बसला होता. जाळाच्या पलीकडे सरू. आता जाळ बघायचा की काय बघायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. सरूनं मान वर केली की तो काटक्या सारायचा. सरूनं मान खाली घातली की काटक्या सारायचं थांबायचं. हे तिला मान खाली असतानाही कळत होतं. राग कुठे गेला, तो शोधूनही सापडेना.

"झाली," दिना एकदम म्हणाला. पाणी शिंपडायचं भान कुणाला? मडकं काढलं, पाला उपसला, शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. मोरूकाकानं पहिली शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, आणि तो कटकन वाजला.

शेंगांकडे निघालेले हात जागीच थांबले.

"कच्ची हाय," मोरूकाका म्हणाला. "दिनाची पोपटी कच्ची. जन्मात पयल्यांदा." मग त्यानं जाळाकडे बघितलं, सरूकडे बघितलं, आणि मिशीत हसत म्हणाला, "जाळाकडं बघत व्हता का कुठं बघत व्हता रं?"

जी हसाहशी झाली, ती निडी स्टेशनापर्यंत गेली असेल. दिनाचे कान जाळापेक्षा लाल. शेंगा परत मडक्यात, मडकं परत जाळात. गिरजाबाई म्हणाल्या, "जा रं तू बांधावर. तू हितं बसलास तर ही पन कच्ची ऱ्हाईल. बाय, तू पन जा, पाय मोकळे कर."

बांधावर दोघं उभी राहिली. अंतर ठेवून. अंतर फार नव्हतं.

"एक विचारू?" सरू म्हणाली. मालिकेत एकाच्या चेहऱ्याचं चित्रण चाललं की दुसऱ्याचं तिथं काम नसतं. तो मेकअप रूममध्ये जाऊन चहा पितो, आणि त्याची वाक्यं एखादा असिस्टंट कॅमेऱ्याशेजारी उभा राहून कागदावरून वाचतो. त्याला क्यू देणं म्हणतात. सरू पुढे म्हणाली, "सगळे आत जायचे. तू कधीच गेला नाहीस. माझ्या प्रत्येक क्लोजअपला कॅमेऱ्याशेजारी तूच उभा असायचास. ताप होता त्या दिवशीसुद्धा. मला वाटायचं, कमळाकर सरांनी सांगितलं असेल."

"सर तर ओरडायचे. जाऊन झोप म्हणायचे."

"मग?"

त्यानं वाकून वालाचा एक वेल सरळ केला. "तू लेन्सच्या बाजूला बघून बोलायचीस. तिथं कागद वाचणारा उभा राहिला की तू त्याच्याकडं बघणार. ते मला... नाय आवडायचं. तू माझ्याकडंच बघून बोलावंस, असं वाटायचं. पगार नाय त्याचा, काय नाय. पन दिवसातलं तेवढंच माझं होतं."

ऑडिशनांची ती सगळी वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. प्रत्येक ठिकाणी हेच सांगायचे, वाक्य बरोबर आहे, पण डोळ्यांत काही येत नाही. येणार कुठून? कॅमेऱ्याशेजारी दिना नव्हता.

"मग काही बोलला का नाहीस? एक फोन नाही केलास."

"तू मोठी होशील वाटलं. मी हितं चिखलात. कुठल्या तोंडानं फोन करू?" तो तिच्याकडे वळला. "आणि ते वाक्य... ते कुणीतरी लिहिलेलं होतं, सरू. ईशाननं रेवाला सांगायचं. मला ते कॅमेऱ्याला सांगायचं नव्हतं. मला तुला सांगायचं होतं. आधी तुला."

"मग सांग ना," ती अगदी हळू म्हणाली. "कॅमेरा नाहीये."

"मला तू आवडतेस. पयल्यापासून. तू रेवा नव्हतीस तवापासून, त्या नाट्यस्पर्धेत पेणच्या शाळेची म्हातारी झाली होतीस ना, पांढरी दाढी... नाय, पांढरे केस लावून... तवापासून."

"दाढी?" सरू हसायला लागली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अरे, इतकी वर्षं मिळाली, आणि वाक्य चुकलास?"

"पाठ नव्हतं. माझंच होतं."

"मलाही तू आवडतोस, वेड्या. वाल काय पेणला मिळत नाही, की त्यासाठी इथवर येईन?"

तिनं हात पुढे केला. त्याचा हात राखेनं माखलेला, मातीचा, गरम. जाळाकडून मोरूकाकाचा आवाज आला, "झाली रं! आता खरी झाली," आणि नेमकं काय झालं म्हणून तो ओरडतोय, हे दोघांनाही कळेना. त्या पोपटीचा दाणा लोण्यासारखा होता.

कमळाकर सरांना सरूनं दुसऱ्याच दिवशी फोन लावला. दोघंही येतो म्हणाली, पण मुंबईला नाही, युनिट घेऊन तुम्ही निडीला या. सर चिडले, चॅनेलशी भांडले आणि आले. वालाचा हंगाम सरता सरता शेतात ट्रॉली आल्या, लाईट आले. पेण-रोह्याची माणसं बांधाबांधावर दाटली. पापड घेता घेता 'पुढे काय झालं' विचारणारे तर झाडून सगळे आले होते. विमलबाई आणि गिरजाबाई शेजारी शेजारी बसून लग्नाच्या तारखेवर वाद घालत होत्या.

आधी सरूचा क्लोजअप झाला. लेन्सच्या बाजूला दिना उभा होता, नेहमीसारखा. एका टेकमध्ये झाला. कमळाकर सरांनी मॉनिटरवरून मान वर केली. मग म्हणाले, "सरू, हे डोळे इतकी वर्षं कुठे होते?"

मग कॅमेरा दिनाकडे वळला. त्याचं ते वाक्य, ज्याच्यासाठी लोक थांबले होते. मेकअपवाली छत्री घेऊन धावत आली. एक नवा असिस्टंट कागद घेऊन कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचं झालं. तुम्ही सावलीत बसा, क्यू मी देतो."

सरूनं त्याच्या हातातला कागद हलकेच काढून घेतला आणि त्याला बाजूला केलं.

"ही जागा माझी आहे," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन दिनानाथच्या समोर उभी राहिली.