भिंतीकडची बाजू

लुबर्ट आणि हार्मके यांच्या कॅरव्हॅनमधला पलंग डाव्या भिंतीला अगदी चिकटून होता. त्यामुळे दोघांपैकी एकाला कायम भिंतीकडे झोपावं लागे, आणि गेली एकवीस वर्षं ते माणूस म्हणजे हार्मके. लुबर्टची कंबर धरते, त्याला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, माणूस ओलांडून जाणं त्याला जमत नाही, अशी कारणं होती आणि ती सगळी खरी होती. उठावं हार्मकेलाही लागे. मग ती गुडघे पोटाशी घेऊन त्याच्या पायांवरून अंग चोरत पलीकडे उतरे, नाहीतर सकाळपर्यंत तशीच पडून राही.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे ती हॉस्पिटलात, दोन्ही बाजूंना कठडे लावलेल्या खाटेवर होती. तेव्हापासून भिंत अंगाजवळ आली की तिचा श्वास वरच्या वर राहायचा. म्हणून मार्चमध्ये, गाडीमागे जोडून कॅरव्हॅन सुट्टीसाठी माळावर न्यायची तयारी सुरू झाली तेव्हा, तिनं धीर करून सांगितलं, "या वर्षी मला बाहेरची बाजू हवी."

"बाजूचा प्रश्नच नाहीये," लुबर्ट म्हणाला. "गादी बसलीय. चांगली गादी घेतली की तुला भिंत आठवणारसुद्धा नाही."

लुबर्टचं सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेलेलं. बायकोचं दुखणंही मोजपट्टी लावून दुरुस्त होईल असा त्याचा प्रामाणिक समज होता. त्याच दुपारी त्यानं जुनी गादी बाहेर काढली, पलंगाच्या फळीवर खाकी कागद अंथरला आणि कडेकडेनं कापून घेतला. कॅरव्हॅनचे पलंग सरळ चौकोनी कुठे असतात. यांच्या पलंगाचा पायथ्याचा उजवा कोपरा तिरका कापलेला होता, नाहीतर हात धुवायच्या कोनाड्याकडे जायला वाटच उरली नसती.

कागद गुंडाळून दोघं मेप्पेल गावातल्या गाद्यांच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंच्या गळ्यात मोजायची फीत होती आणि बोलण्यात घाई नव्हती.

"कुशीवर झोपता की पाठीवर?"

"कुशीवर," लुबर्ट म्हणाला. "ही पण."

हॉस्पिटलपासून हार्मके पाठीवरच झोपत होती. स्प्रिंगची गादी झाली, रबराची झाली. रबराची उचलून बघताना लुबर्टचा चेहरा लाल झाला. "ही गादी आहे की गाढव? आमची गाडी लहान आहे हो, चढावर जीव सोडेल." शेवटी एक फोमची गादी दोघांनाही पटली. वर चार बोटं मऊ थर शिवलेला आणि खाली ओल धरू नये म्हणून खरखरीत जाळी.

"एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "ही उलटी करून वापरता येत नाही. वरचं ते वर, खालचं ते खाली. म्हणून कागदाची वरची बाजू कुठली, ते मला नक्की हवं."

एरवी लुबर्ट अशा गोष्टी विसरणारा नव्हे. पण कागदावर त्यानं काहीच लिहिलं नव्हतं, आणि या क्षणी तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, एका गादीवर डोळे मिटून पडला होता. हाक मारली असती तर आला असता. हार्मकेला हाक मारायची नव्हती. सकाळपासून तिच्या वतीनं तोच बोलत होता.

"ही," ती म्हणाली. बाईंनी दिलेल्या पेनानं तिनं कागदावर लिहिलं, "वरची बाजू", आणि खाली सही केली.

परतताना गाडीत तिला तो कागद आठवला. लिहिताना ती कागदाच्या उशीकडच्या टोकाला उभी होती, आणि कापलेला कोपरा तिच्या समोर, डाव्या हाताला होता. तिनं मांडीवर बोटानं पलंग काढून पाहिला. कोपरा उजवीकडे हवा. कागद उलटा पडला होता. लुबर्ट स्टिअरिंगवर ताल धरत होता. पुढचे तीन आठवडे ती ते सांगायची उजळणी करत राहिली, पण तोंड काही उघडलं नाही.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात गादी थेट माळावर आली. त्यांची जागा दरवर्षीची. उजवीकडे दार, दारापुढे कॅरव्हॅनला जोडलेला तंबू, तंबूपुढे माळ. डावीकडे बीच नावाच्या झुडपांचं उंच कुंपण, इतकं जवळ की कॅरव्हॅन आणि कुंपण यांच्यामध्ये मांजरही अडकावं. बीचची गेल्या वर्षीची वाळकी पानं अजून फांद्यांवर होती.

लुबर्टनं गादी आत ढकलली, मऊ बाजू वर करून फळीवर टाकली आणि कोपरे दाबले. हार्मके दारात श्वास रोखून उभी होती.

गादी बसली. कडेला करंगळी जाईल इतकीही फट नव्हती. कापलेला कोपरा उजवीकडे, जिथल्या तिथे.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण दुकानानं कागद परत पाठवला होता. लुबर्ट पाणी भरायला गेला तसा तिनं तो उलगडला. तिची सही होती, सहीवर दुकानाचा शिक्का होता. सही वर करून तिनं कागद गादीवर पसरला. कापलेला कोपरा भिंतीकडे आला आणि गादीचा तेवढा तुकडा उघडा राहिला. या कागदावरून कापलेली गादी इथे बसणं शक्यच नव्हतं.

लुबर्ट आल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. त्यानं कागद एकदा इकडून पाहिला, एकदा तिकडून.

"त्या बाईच्या लक्षात आलं असेल," तो म्हणाला. "बसली ना? मग आता बसलेल्या गादीला का उठवतेस?"

पहिल्या दुपारी जेवणानंतर दोघं आडवे झाले. गादी खरंच छान होती. हार्मकेला भिंतीची आठवण व्हायच्या आत झोप लागली. जाग आली ती माळावरच्या मेंढ्यांच्या घंटांनी. मेंढपाळ रोज चारच्या सुमाराला कळप परत नेई. डोळे उघडायच्या आत तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात गादीच्या कडेबाहेर, मोकळ्या हवेत लोंबतोय.

किती बरं वाटलं. तिनं बोटं हलवली. मग डोळे उघडले, तेव्हा डावा हात भिंतीला टेकलेला होता आणि उजवीकडे लुबर्ट घोरत होता.

दुसऱ्या दिवशी ते डोळे उघडल्यावरही दिसलं. डावीकडे चालायची वाट, वाटेपलीकडे शेगडी, शेगडीशेजारी दार. उजवीकडे लुबर्ट, आणि त्याच्या पलीकडे भिंत. घंटा उघड्या दारातून येत नव्हत्या, त्या भिंतीतून येत होत्या. ती पाय खाली सोडून बसली, तळवे जमिनीला लागले आणि सगळं जागेवर आलं. फरक एवढाच की ती वाटेच्या कडेला बसलेली होती, आणि लुबर्टला ओलांडल्याचं तिला आठवत नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. एकवीस वर्षं न मिळालेली बाजू दोन मिनिटं का होईना, कुणाची मनधरणी न करता मिळत होती. ती दुपारची वाट पाहू लागली.

गुरुवारी मात्र जागेवर यायला वेळ लागला. ती उठली, उभी राहिली, चहासाठी शिट्टीची किटली ठेवली. शेगडीची कळ उलट्या बाजूला फिरत होती. पाण्याला आधण येईपर्यंत म्हणून तिनं दार उघडून पाहिलं. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. फटीतून काळपट फांद्या आत आल्या, ओल्या मातीचा वास आला, आणि मूठभर वाळकी पानं तिच्या पायांवर पडली. तिनं दार ओढून घेतलं. पाठ दाराला टेकून ती उभी राहिली आणि न्यूमोनियातला तो वरच्या वर राहणारा श्वास पुन्हा सुरू झाला. किटली वाजायला लागली तेव्हा कुठे सगळं जागेवर आलं, आणि दारामागून तित्स्केच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. तित्स्के म्हणजे शेजारच्या कॅरव्हॅनमधली, कॉफीच्या वासावर येणारी.

लुबर्ट उठला. जमिनीवरची पानं त्यानं पायानं गोळा केली. "कुंपणाकडून आलीस का?"

"कुंपणाकडून येता येतं का, लुबर्ट?"

"मग चपलेला लागून आली असतील."

"ही गादी परत करू या," ती म्हणाली. "मला या गादीची भीती वाटते."

लुबर्टनं तिच्याकडे पाहिलं. तो चांगला माणूस होता, फक्त त्याला ऐकू यायला वेळ लागे. "हार्मके, वीस वर्षांत पहिल्यांदा मी न कण्हता उठतोय. गादी परत करायला नको सांगूस." मग त्यानं गोळा केलेली पानं उचलली. "तुला बाहेरची बाजू हवी होती ना? घे. आजपासून मी भिंतीकडे. उठायचं झालं तर तुला हाक मारीन, काय व्हायचंय."

तिला रडू आलं. तिला वाटलं, इतकंच तर हवं होतं, आणि ते आधी मिळालं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. आपण वाटेच्या बाजूला, दारासमोर झोपू. उठावंसं वाटलं की उठू. मग गादीनं काय वाट्टेल ते करावं.

शुक्रवारी दुपारी बारीक पाऊस होता. लुबर्ट कुरकुर न करता भिंतीकडे सरकला. हार्मके उजवीकडे, कडेला झोपली. उजवा हात तिनं मुद्दाम गादीबाहेर सोडला. समोर दार दिसत होतं, दारातून तंबूतली खुर्ची दिसत होती.

जाग आली तेव्हा तिचा उजवा गाल भिंतीला लागलेला होता.

हात भिंत आणि गादी यांच्यामध्ये दाबला गेला होता. डावीकडे लुबर्टची दुलई उंच दिसत होती.

"लुबर्ट," ती म्हणाली. "मला उतरू दे."

तो हलला नाही. तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि त्याच्या पायांवरून जायला हात टेकला. हात खालपर्यंत गेला. दुलईत कोणी नव्हतं, ती नुसती गोळा होऊन पडली होती.

ती डावीकडच्या वाटेत उतरली आणि थांबली. जागेवर येईल. रोज येतं. तिनं पाणी ठेवलं. किटली वाजली, वाजत राहिली, शेवटी तिनंच शेगडी बंद केली.

दार चार बोटं उघडत होतं. तिनं खांदा लावला. फांद्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या.

भिंतीपलीकडून कपांचा आवाज आला. ती पलंगावर चढली. पलंगाच्या वर, भिंतीत, एक खिडकी होती, एरवी कुंपणाकडची, आणि आता ती तंबूत उघडणारी होती. काचेपलीकडे टेबल, टेबलावर कॉफीचा थर्मास, मनुकांचे पाव. लुबर्ट ताठ बसून पावाला लोणी लावत होता. तित्स्के ओली टोपी झटकत होती. तिसऱ्या खुर्चीतलं माणूस पाठमोरं होतं. अंगात हार्मकेचा राखाडी स्वेटर होता.

"एकवीस वर्षांनी?" तित्स्के हसत होती. "आणि तू लगेच माफ केलंस याला?"

"मिळाली ना शेवटी," हार्मकेचा आवाज म्हणाला. "बाहेरची बाजू मिळाली, आणखी काय हवं."

खिडकीच्या कड्या शोधत हार्मकेची बोटं चौकटीवरून फिरली. चौकट चारही बाजूंनी गुळगुळीत होती. कड्या काचेतून दिसत होत्या. त्या पलीकडच्या बाजूला होत्या.

तिनं काचेवर थाप मारली. तळव्यानं, मग मुठीनं.

लुबर्टनं पाव खाल्ला. तित्स्केनं कप पुढे केला. पाठमोरी बाई वळली आणि तिनं खिडकीकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. तिला काही नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

ती उठून खिडकीशी आली. अंगठ्यानं तिनं एक कडी घट्ट दाबली. मग दुसरी.

"काय गं?" तित्स्केनं विचारलं.

"काही नाही. आतून वारा येतोय," ती म्हणाली, आणि जाऊन तंबूच्या तोंडाजवळच्या खुर्चीत बसली.