लाल ठिपक्याच्या क्लिपा

रोवेना हॅस्केट आत आली, खुर्ची ओढली, उलटी फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसली. मग हातातला पत्र्याचा बिस्किटांचा डबा तिने इडा क्रेनशॉच्या टेबलावर ठेवला. ठेवताना झाकण खडखडलं. डब्यात सैल असं काही नव्हतं, थरथरत होता तो तिचा हात.

होमर बीसलीला ते बघवेना. बेलर क्रीकच्या नेमबाजीच्या मैदानावर रोवेनाच्या हातातलं रिव्हॉल्व्हर कधी हललेलं त्याला आठवत नव्हतं. तिच्या मागे पाचव्या नाहीतर सहाव्या नंबरावर राहण्यात त्याची उमर गेली होती, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे.

"मिस इडा, कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय," रोवेना म्हणाली.

इडा पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची. आता माहेरच्या नावाची पाटी लावून खाजगी तपास करायची. होमर तिचा धाकटा दीर. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आता वहिनीची गाडी चालवायचा आणि प्रत्येक तपासात भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

इडाने डबा उघडला. आत काडतुसांची फुलं होती. मधे चांदणीच्या आकाराची पातळ पोलादी चकती आणि तिच्या कडेने खोबणीत बसवलेली सहा काडतुसं.

"याला म्हणतात मूनक्लिप," होमर पुढे सरसावला. "सहाही काडतुसं एका झटक्यात सिलिंडरमध्ये. रिकाम्या पुंगळ्याही एका झटक्यात बाहेर. रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेत हिच्याशिवाय पान हलत नाही."

"आणि हे लाल-निळे ठिपके?"

"पुंगळीच्या बुडाची खाच प्रत्येक कंपनीची वेगळी," रोवेना म्हणाली. "जुन्या पुंगळ्यांना पातळ चकती लागते. तिला मी लाल ठिपका लावते. नव्यांना जाड, तिला निळा. लाल जरा सैल असते, घाईत भरताना डुगडुगते. म्हणून ती सुरुवातीला, निवांतपणे भरायची. सुरुवातीची शिटी झाल्यावर पळता पळता भरायच्या त्या निळ्या."

"बरं. आणि जिवावर कोण, कसं उठलंय?"

रोवेनाने एक लाल क्लिप उचलून डोळ्यासमोर आडवी धरली. चकतीचा एक दात वर मुडपला होता.

"लागोपाठ दोन सामने झाले. लाल क्लिप भरते, सिलिंडर बंद करते, आणि तो फिरतच नाही. घट्ट. एक गोळीसुद्धा सुटायची नाही. पंच थांबतात, मी दुसरी क्लिप भरते. वेळ जात नाही, कारण शिटी व्हायचीच असते. पण हात लटलटायला लागतात. मग नेम कसला धरणार?"

"पातळ चकती वाकायचीच," होमर म्हणाला. "पुंगळ्या उपसताना माझ्या कितीतरी वाकल्यात."

"होमर, मी काय काल नेमबाजीला लागले? शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात प्रत्येक भरलेली क्लिप मी काचेवर ठेवून तपासते. सरळ असते. रविवारी वाकलेली. आणि सगळ्या लालच. निळ्या त्याच डब्यात, त्यांना धक्का नाही." तिने क्लिप डब्यात परत ठेवली. "आज चकती वाकवली. उद्या काडतुसात काही घातलं तर? आमच्या क्लबातल्या क्लीऑनचं रिव्हॉल्व्हर फुटलं तेव्हा मी त्याच्या शेजारी होते. तो आता एका डोळ्याने बघतो, मिस इडा. मला झोप लागत नाही. माझ्या नवऱ्याला, ड्वेनला वाटतं मी रविवारी जाऊच नये."

"मग जाऊ नका."

"परवा राज्याचा सामना आहे. आज भिऊन घरी बसले तर पुन्हा कधी बंदूक हातात धरायची नाही मी. माझं मला माहीत आहे."

तिने डबा परत घेतला, तो छातीशी धरून. दारातून बाहेर पडण्याआधी तिने रस्ता दोन्ही बाजूंनी पाहून घेतला.

"लॉर्ना पिकरेल," दार लागताच होमर म्हणाला. "दरवर्षी दुसरी येते. तिचंच काम."

"तुझा पहिला संशय ना? म्हणजे बिचारी सुटली," इडा म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघं हॅस्केटांच्या घरी गेले. रोवेना गावात गेली होती. तिचा नवरा ड्वेन दारात आला. उंच, वाकलेला, बोलायला मऊ.

"बसा, बसा. होमर, साखर किती?"

"एकच चमचा."

ड्वेनने कॉफीत चमचाभर साखर घातली. इडाने विचारलं, रिकाम्या पुंगळ्यांत दारू भरून काडतुसं घरी कोण करतं? तो तिच्याकडे वळला, "मीच. लग्न झालं तेव्हापासून. ती नुसत्या गोळ्या झाडते," असं म्हणून हसला आणि पुन्हा कपाकडे वळून चमचाभर साखर घातली. ढवळली. मग आणखी एक. होमरने पहिला घोट घेतला आणि त्याच्या दाढा शिवशिवल्या. पण ओझार्कच्या डोंगरात पाहुणा कॉफीला नावं ठेवत नाही. त्याने ती निमूट संपवली.

गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं यंत्र होतं, दांडा ओढला की पुंगळीत मापाने दारू टाकणारं. वर जुनी चादर, चादरीवर धूळ.

"बंद ठेवलंय?" इडाने विचारलं.

"यंत्रालाही विश्रांती हवी," ड्वेन म्हणाला. "निळ्या क्लिपांतली काडतुसं वसंतातली. लालमधली ऑगस्टची. त्यानंतर काही भरलं नाही. दुकानातून तयार काडतुसांचे खोके आणून दिलेत, पण बाई त्यांना हात लावत नाही. म्हणते, घोड्याने लाथ मारावी तसा धक्का बसतो."

"तुमचा कुणावर संशय?"

ड्वेनने चादरीचं टोक सारखं केलं. "संशय कसला... मिस इडा, तुम्ही तिला सांगून बघा ना. निदान त्या लाल क्लिपा तरी घरी ठेव म्हणावं. माझं ऐकत नाही ती."

त्याच्या कपाळावर घाम होता. ऑक्टोबरची सकाळ होती आणि गॅरेजमध्ये चांगलाच गारठा होता.

गाडीत बसल्यावर होमर म्हणाला, "बायकोच्या काळजीने अर्धा झालाय बिचारा."

 इडाने काच खाली केली आणि पुन्हा वर केली. विचारात असली की ती असंच करायची.

रविवारी मैदानावर राज्यभरातले नेमबाज जमले होते. मांसाच्या तिखट रश्श्याच्या पातेल्यांचा वास आणि बंदुकीच्या दारूचा धूर एकमेकांत मिसळला होता. मातीच्या बांधांमागून गोळ्यांचे आवाज येत होते. रोज कानाला गोड लागणारा तो आवाज आज होमरला नकोसा झाला होता. प्रत्येक बाराला त्याचे डोळे मिटायचे.

लॉर्ना पिकरेल डब्यातला ॲपल पाय खात बसली होती.

"या, पोलीसपाटील! मलाच पकडायला आलात ना?" ती म्हणाली. "हो, आम्ही एकाच गाडीतून येतो. हो, डबा मागच्या सीटवर माझ्या शेजारी असतो. आणि हो, तिला हरवायला मी माझी नवी दाढ गहाण टाकीन."

"म्हणजे संधी होती," इडा म्हणाली.

"संधी होती, पण मी काय खुळी आहे? लाल क्लिप ती शिटीच्या आधी भरते. ती अडकली तर काय, बदलली की झालं! मला तिला पाडायचं असतं तर निळ्या वाकवल्या असत्या. त्याही एवढ्याशा. ऐन घाईत, चौथ्या गोळीला चाप जड झाला पाहिजे." तिने काटा चाटला. "हे ज्याने केलंय त्याला खोडी काढणंसुद्धा जमत नाही."

क्लबचा बंदूक-कारागीर व्हर्जिल स्टॅम्पर तिरसट निघाला. दोन्ही सामन्यांत रोवेनाने आपली बॅग त्याच्याकडे दिली होती.

"चापाची स्प्रिंग तपासायला दिली होती. तिथे, त्या टेबलावर," त्याने लाल पट्ट्याने आखलेलं टेबल दाखवलं. "होमर, सांग तुझ्या वहिनीला त्या टेबलाचा नियम."

"तिथे बंदूक हाताळता येते, काडतूस नाही," होमर म्हणाला. "एक जरी काडतूस बाहेर काढलं तरी सामन्यातून बाद. पंच तिथेच बसलेला असतो."

"आणि भरलेल्या क्लिपा होत्या तिच्या कमरेच्या पट्ट्यात," व्हर्जिल म्हणाला. "गाडीतून उतरल्या उतरल्या लावते ती पट्टा. तिथे पक्कड घेऊन गेलो असतो तर कानफटात बसली असती माझ्या."

एवढ्यात रोवेनाचं नाव पुकारलं. जाता जाता ती इडापाशी थांबली. डोळे तांबारलेले, पण हनुवटी वर.

"लाल क्लिपा काल मी स्वतः सरळ केल्या. काचेवर घासून पाहिल्या. आणि डबा उशाखाली घेऊन झोपले. आज कुणाचा हात लागलेला नाही," ती म्हणाली. "आज काही अडकायचं नाही."

ती रेषेवर गेली. पंचाने भरायला सांगितलं. लाल ठिपक्याची क्लिप आत गेली. रोवेनाने सिलिंडर मिटला, बोटाने हलकेच फिरवून पाहिला. लोण्यासारखा फिरला. होमरने सुटकेचा श्वास टाकला.

"ड्वेन कुठाय?" तो म्हणाला. "तो नेहमी हिच्या मागे कुंपणाला टेकून असतो."

इडाने मान वळवली. ड्वेन आपल्या पिकअप ट्रकच्या पलीकडे उभा होता, इंजिनाच्या आडोशाला. सगळ्यांचे हात कानांवर होते. त्याचे डोळ्यांवर होते.

होमरने आपल्या वहिनीला पळताना कधी पाहिलं नव्हतं.

"थांबवा!" इडा किंचाळली. "थांबवा! चाप ओढू नका!"

त्या मैदानावर ही आरोळी कुणीही दिली तरी सगळं जागच्या जागी थांबतं. पंचाने हात आडवा घातला. रोवेनाने बोट चापावरून बाजूला घेतलं, रिव्हॉल्व्हर उघडलं आणि क्लिप तळहातावर घेतली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण?" तिने विचारलं. "कोण आहे तो?"

व्हर्जिलच्या छपरीत सगळे जमले. रोवेना, ड्वेन, लॉर्ना, व्हर्जिल आणि क्लबचा मुख्य पंच. टेबलावर लाल ठिपक्याच्या क्लिपा मांडल्या होत्या. होमर एकेक काडतूस हातोडीसारख्या हत्यारात घालून लाकडावर ठोकत होता, म्हणजे गोळी सुटी होई आणि आतली दारू वाटीत पडे. व्हर्जिल ती तोलत होता. प्रत्येक ठोक्याला ड्वेन दचकत होता.

"क्लिपा मैदानावर वाकवल्याच नव्हत्या," इडा म्हणाली. "पट्टा कमरेला, आणि त्या टेबलावर काडतूस काढायची सोय नाही. राहिलं घर आणि गाडी. गाडीत लॉर्ना."

"मी सांगितलं ना..."

"सांगितलंत, आणि बरोबर सांगितलंत. हरवायचं असतं तर निळ्या वाकवल्या असत्या. इथे निळ्या-लाल एकत्र असून वेचून लालच घेतल्या. शिटीच्या आधी भरायच्या त्या. आणि इतक्या वाकवल्या की एकही गोळी सुटू नये. रोवेना, तुम्ही म्हणालात, कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय. मीही तसंच धरून बसले. उलट बाजूने पाहायला मला आजची सकाळ उजाडावी लागली. न फिरणारा सिलिंडर कुणाला मारत नाही. ती गोळी सुटू नये एवढंच त्या माणसाला हवं होतं."

इडाने लाल ठिपक्याची एक क्लिप उचलली.

"लाल क्लिपांत काय वेगळं? ऑगस्टमधली काडतुसं. ऑगस्टनंतर यंत्रावर चादर. ज्याने सारं आयुष्य बायकोची काडतुसं भरली, तो अचानक दुकानातले खोके आणतो आणि लाल घरी ठेव म्हणतो. का? होमर, काल कॉफी कशी होती?"

"कॉफी?" होमरचा हात थांबला. "पाक होता नुसता. त्यांनी तीन चमचे..." त्याने ड्वेनकडे पाहिलं. 

"मी मधे बोलले, आणि घातलेली साखर ड्वेन विसरले. यंत्रावर काम करताना कुणी मधे बोललं तर?"

"बस," ड्वेन म्हणाला. "बस करा, मिस इडा."

होमरने पुढचं काडतूस ठोकलं. दारू वाटीत पडली, आणि पडतच राहिली. व्हर्जिलने ती तोलली, पुन्हा तोलली, आणि टोपी काढली.

"दुप्पट," तो म्हणाला. "बरोबर दुप्पट."

हे काडतूस मघाच्या क्लिपमधलं होतं. रेषेवर भरलेल्या.

लॉर्नाने तोंडावर हात घेतला. रोवेना आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो कुणीतरी नुकताच परत आणून दिला होता.

"सप्टेंबरात पुन्हा यंत्रावर बसलो तेव्हा कळलं," ड्वेन खाली मान घालून म्हणाला. "एका पुंगळीत दोनदा दारू पडलेली दिसली. मीच दांडा दोनदा ओढला होता, आणि आठवत नव्हतं. तिथेच थांबलो, चादर टाकली. मग वाटलं, ऑगस्टात असं किती वेळा झालं असेल? कदाचित एकदाही नाही. तू झोपल्यावर क्लिपा वाकवायचो. वाटायचं, वैतागून सोडून देशील."

"तोंड नव्हतं तुला?" रोवेनाचा आवाज इतका हळू होता की होमरला ओरडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"सांगितलं असतं तर तू यंत्राला हात लावू दिला नसतास."

"नसताच दिला."

"मग मी काय करायचं? तू झाडायचं, मी भरायचं. दुसरं काय येतं मला?"

"आणि आज? आज ट्रकमागे उभा राहिलास?"

"ओरडणार होतो. रो, देवाशपथ, तोंड उघडलं होतं. आवाजच फुटला नाही."

 मग मुख्य पंच घसा खाकरून म्हणाला, की तिची पाळी शेवटी लावता येईल, निळ्या क्लिपा आहेतच.

"लॉर्नाला जिंकू द्या," रोवेना म्हणाली. "असं जिंकून तिला मजा येणार नाही, तेवढंच समाधान."

"मेली," लॉर्ना रडत म्हणाली.

रोवेनाने नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला बाहेर नेलं. होमर आणि इडा दारात उभे राहिले. ट्रकपाशी पोचल्यावर ड्वेन सवयीने चालकाच्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं.

"किल्ली," रोवेना म्हणाली.

 मग त्याने खिशात हात घातला. या खिशात नव्हती. त्या खिशातही नव्हती. तो पुन्हा पहिल्या खिशात बघायला लागला. रोवेनाने घाई केली नाही. ती दाराला टेकून वाट बघत राहिली, आणि तिचा हात पुन्हा थरथरायला लागला होता.