चाचणीचा ठिपका

माझं दुकान नायगाव स्टेशनच्या पश्चिमेला आहे, पण गिऱ्हाईक रुळांच्या दोन्ही बाजूंनी येतं आणि दोन्हीकडचं सारखंच डोकं खातं. एकाचा फोनमधला फोटो लॅपटॉपवर येत नाही. दुसऱ्याने लॅपटॉपवरून फोटो काढला तर तो फोनमधूनही गेला, आणि त्याचा दोष माझा. यांना मी एकच गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की आता सांगतानाच माझा आवाज चढतो. फोन, लॅपटॉप, टॅब एकमेकांना जोडले की तिन्हींत मिळून फोटो एकच. एकीकडे बदलला की सगळीकडे बदलतो, एकीकडे पुसला की सगळीकडे पुसला जातो. याला सिंक म्हणतात. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन नको तेच करतात.

रुळांपलीकडच्या जूचंद्र गावातल्या प्रणवचा फोन आला तो असाच. प्रणव रांगोळी काढतो. जूचंद्रची रांगोळी म्हणजे दारातली वेलबुट्टी नव्हे. जमिनीवर माणूस काढतात, हुबेहूब, इतका की बघणारा वाकून विचारतो, हा फोटो तर नाही ना. देवीच्या डोंगराखाली मंडळाचा हॉल आहे, तिथे प्रदर्शन भरणार होतं आणि प्रणवने यंदा स्वतःच्या आईला काढायला घेतलं होतं. ओट्यावर बसलेल्या आईचा फोटो त्याने फोनवर काढला होता. तो लॅपटॉपवर घेऊन त्यावर चौकोन आखले होते आणि तेच चौकोन खडूने जमिनीवर मारले होते. तक्रार अशी की फोनवरचा आणि लॅपटॉपवरचा फोटो आता एकसारखे राहिले नव्हते.

मी स्कूटरवर गेलो. मिठागरांच्या बाजूने येणारा खारट वारा, नव्या टॉवरांची धूळ आणि प्रत्येक वळणावर खडीचा ट्रक. पोचलो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं.

प्रणवने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. नाव तेच, तारीख तीच. पण फोनवरच्या फोटोत आईच्या डोळ्यांखालची सावली जरा गडद होती. तो म्हणाला, रांगोळीत माझ्या हातून तिथे काळा जास्त पडला आणि दुसऱ्या दिवशी फोनमध्येही तसंच दिसायला लागलं. मी त्याला सांगितलं की दिवसभर उकिडवं बसून एकाच तोंडाकडे बघितलं की माणसाला काहीही दिसतं. हल्ली फोन आपल्या मनानेच फोटो सुधारत बसतात, त्यातलाच हा प्रकार. फोनमधली ती सेटिंग बंद केली, नवं फोल्डर बनवलं आणि फोन, लॅपटॉप, टॅब तिन्ही त्याला जोडले.

त्याची आई, प्रेमलाकाकू, सगळा वेळ दारात उभी होती. तिला मुळात हे चित्रच नको होतं. मेलेल्या माणसाचं काढा, देवाचं काढा, जित्या बाईला जमिनीवर कशाला निजवता, असं तिचं म्हणणं. प्रदर्शन संपलं की रांगोळी पुसायचीच असते, आणि आपलं तोंड कुंच्याने पुसलेलं तिला चालणार नव्हतं. प्रणव ऐकणाऱ्यातला नव्हता. मायलेकांचं त्यावरून बोलणं जवळपास बंद होतं, आणि आता त्यात मी फोटोला हात लावायला आलेला तिसरा. मला तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. मध्येच तिचा स्वतःचा फोन वाजून बंद झाला. तिला आकडे घालून फोन उघडता येत नाही म्हणून प्रणवने त्याला तिच्या चेहऱ्याचं कुलूप लावून दिलं होतं. तिने फोन तोंडासमोर धरून त्याच्याकडे रागाने बघितलं आणि तो मुकाट्याने उघडला. मी म्हटलं, फोनसुद्धा घाबरतो तुम्हाला. ती हसली नाही.

जोडणी झाली की मी एक चाचणी घेतो. जुनी सवय आहे. एका यंत्रावर फोटोत शुद्ध काळा ठिपका टाकायचा, चटकन नजरेत भरेल असा, आणि तो बाकीच्या यंत्रांवर पोचतो का ते बघायचं. मी लॅपटॉपवर काकूच्या उजव्या गालावर ठिपका टाकला. तो फोनवर लगेच आला. टॅबची बॅटरी उतरली होती. मी प्रणवला म्हटलं, टॅब चार्ज कर, तिथेही ठिपका आला की मला कळव, मग काढून टाकू.

दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं. ठिपका टॅबवर आला होता. रांगोळीतही आला होता.

मी त्याला म्हटलं, तूच टाकला असशील, फोटो बघून बघून काढतोस ना. तो म्हणाला, हॉलला कुलूप आहे आणि चावी माझ्या खिशात आहे, तू ये.

हॉलमध्ये भट्टीसारखं उकडत होतं. रांगोळी उडू नये म्हणून पंखे बंद ठेवतात, खिडक्यांना कागद चिकटवतात. आत शिंकायचीही चोरी. जमिनीवर प्रेमलाकाकू बसली होती, हिरवं लुगडं, हातात हात, खालून वर माझ्याकडे बघत. मला ते बघणं आवडलं नाही. मी गुडघ्यावर बसून गालाजवळ वाकलो. काळा रंग वरून पडला असता तर त्याचा उंचवटा दिसला असता. इथे तसं काही नव्हतं. कातडीच्या रंगाचे कण जिथे संपत होते तिथून काळे कण सुरू होत होते, त्याच पातळीत, जणू पहिल्या थरापासूनच तिथे होते.

मागून पावलं वाजली. काकू आली होती. पदर तोंडाला दाबून धरला होता, तो तिने बाजूला केला. गाल खोबरेल आणि साबण लावून लावून लालभडक झाला होता. मधोमध ठिपका होता.

"हा तुजा हाय ना?" ती म्हणाली. "काढ."

मी डॉक्टर नाही आणि भगतही नाही. मला खरं तर संताप आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. मायलेक मिळून माझी गंमत करताहेत असंही वाटून गेलं. पण तिचा गाल सोलवटला होता आणि गमतीसाठी कोणी इतकं घासत नाही. मी लॅपटॉप मागवला. फोटोतला डाग घालवायचं एक साधन असतं. ते शेजारच्या कातडीचा तुकडा उचलतं आणि डागावर बसवतं, कोणाला पत्ता लागत नाही. मी तेच वापरलं. ठिपका गेला. मग मी आणि प्रणव रांगोळीकडे बघत बसलो, दुधाच्या पातेल्याकडे बघावं तसे. काही झालं नाही. मी घरी निघून आलो.

सकाळी प्रणव सांगायला दुकानात आला. ठिपका गेला होता, रांगोळीतूनही आणि आईच्या गालावरूनही. पण तो खूश दिसत नव्हता. मी त्याच्याबरोबर गेलो. काकूच्या जबड्याजवळ लहानपणी विळा लागल्याची खूण होती, वाकडी, टोकाला फुटलेली. ती मी फोटोतही बघितली होती. आता गालावर जिथे ठिपका होता तिथे तीच खूण आणखी एकदा होती. तशीच वाकडी, टोकाला तशीच फुटलेली, जुनी आणि पांढरी पडलेली.

तुकडा मी खुणेच्या फार जवळून उचलला होता.

प्रदर्शन भरलं. लोक दोरीपलीकडून बघून वा वा करत होते. काकू एकदाही तिकडे फिरकली नाही. घरी तिचा एकच प्रश्न होता आणि तो ती भाजी निवडता निवडता, भांडी घासता घासता मला आणि प्रणवला विचारत होती. प्रदर्शनानंतर हॉल एका लग्नाला द्यायचा होता. रांगोळी तेव्हा पुसावीच लागणार होती. "ता पुसल्यावर माजा काय?"

प्रणवने मंडळाला विनवून बघितलं. एक कोपरा दोरी लावून तसाच ठेवा म्हणाला. मंडळवाले हसले. दरवर्षी पुसतो की, यंदा काय झालं?

तेव्हा माझ्या दृष्टीने काम एकच उरलं होतं. पुसण्याआधी जोडणी तोडायची. जोडणी तुटली की एकीकडचं पुसणं दुसरीकडे जात नाही, हे तर मी पोटासाठी रोज सांगतो. मी त्यांच्या ओट्यावर बसून फोल्डर उघडलं. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत तीन नावं होती. टॅब काढला. फोन काढला. लॅपटॉप काढला. यादी रिकामी झाली, ती मी काकूला दाखवली. आता कशाचा कशाशी संबंध नाही, असं ठासून सांगितलं.

"आणि रांगोळी?" प्रणवने विचारलं. "ती कुठे होती लिस्टमध्ये?"

मी त्याच्यावर खेकसलो. जमिनीला काय लॉगिन असतं? जी कधी जोडलीच नाही ती तोडणार कशी? बोलून गेलो, आणि बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पण ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी पुन्हा चाचणी घेतली. लॅपटॉपवर ठिपका टाकला, या वेळी फोटोतल्या डाव्या हातावर. दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघितली. फोनवर ठिपका आला नाही. हॉलमध्ये जाऊन बघितलं, रांगोळीत आला नाही. काकूने हात पुढे केला, उलटा केला, सुलटा केला. हात स्वच्छ होता.

तेव्हा पहिल्यांदा तिने मला चहा दिला.

पुसताना मी हजर होतो. प्रणवने कुंचा घेतला आणि कडेकडेने सुरुवात केली. आधी ओटा गेला, मग लुगडं. सगळे रंग मिसळले की रांगोळीची करडी भुकटी होते, राखेसारखी. चेहरा त्याने शेवटी ठेवला होता. त्याचा हात थांबला तेव्हा मी म्हटलं, आवर, मला दुकान उघडायचंय. त्याने कुंचा फिरवला. भुकटी डब्यात भरली. घरी फोन लावला तर काकू जेवत होती, ठीक होती, आणि लवकर या म्हणाली.

घरी परत येताना मिठागरांपाशी माझ्या लक्षात आलं. मी चाचणी एकाच दिशेने घेतली होती, लॅपटॉपवरून जमिनीकडे. पण प्रणवची पहिली तक्रार उलट दिशेची होती. जमिनीवर सावली जास्त पडली होती आणि ती तिथून निघाली होती. ठिपका मी जमिनीवर टाकून बघायला हवा होता.

मी स्कूटर वळवली नाही. काकू ठीक होती, जेवत होती.

दुसऱ्या दिवशी प्रणवचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

"आईचा मोबाइल उघडत नाय. येऊन जा जरा."

मी वाटेत कारणं मोजत गेलो. कॅमेऱ्यावर तेलाचा हात लागला असेल. खोलीत उजेड कमी असेल.

दार उघडंच होतं. प्रणव भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसला होता. समोर खडूने आखलेले चौकोन, चाळणी आणि करड्या भुकटीचा डबा. एकही रेघ ओढलेली नव्हती. कपाटाचा आरसा काढून भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. मी त्याला म्हटलं, फोटो बघून काढ ना.

"फोटोत तरी तोंड कुठे हाय?" तो म्हणाला. त्याने मान वळवली नाही.

काकू खिडकीकडे पाठ करून खाटेवर बसली होती. पदर कपाळावरून पार खाली ओढलेला. बांगड्यांचा हात पुढे आला, हातात फोन होता. मी तो घेतला. हात तिचाच होता, गरम होता.

मी कॅमेरा रुमालाने पुसला आणि फोन तिच्यासमोर धरला. मी फक्त फोनच्या पाठीकडे बघत होतो. मग तो उलटा करून वाचला.

चेहरा दिसत नाही.

मी तिला उजेडाकडे तोंड करायला सांगितलं. खाट करकरली. पुन्हा धरला.

चेहरा दिसत नाही.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, की पदर जरा मागे घ्या.

बांगड्या वाजल्या. पदर मागे गेला. मी फोन धरला, वळवला, वाचला.

"सकालधरनं पोरगा माज्याकडं बगत नाय," काकूचा आवाज आला, नेहमीचा, खणखणीत, जरा रागातला. "मना काय दिसत पन नाय. तू बग, नि काय झालाय ता सांग."

फोनचा उजेड थोड्या वेळाने आपोआप मंद झाला. मी अंगठ्याने तो पुन्हा वाढवला आणि त्याच्याकडेच बघत राहिलो.