घरच्या बातम्या

इचलकरंजीच्या जुन्या कापड बाजारात शमीम मुजावरचं दुकान आहे. पूर्वी तिथं तिचे वडील कोटांना आणि शालींना रफू करत. आता काचेच्या दारावर ‘हरवलेला डेटा शोधून, सांधून मिळेल’ अशी पाटी आहे आणि आतल्या बाकावर माणसं जुन्या हार्ड डिस्क मांडीवर घेऊन बसलेली असतात, दवाखान्यात आजारी पोर घेऊन बसावं तशी. कुणाला लग्नातले फोटो हवे असतात, कुणाला मागाची जुनी डिझाइनं, कुणाला वडिलांनी काढलेले जमिनीचे नकाशे.

त्या दुपारी अलका मगदूम आल्या. साठी उलटलेल्या, अंगानं बारीक, डोळ्याला जाड चष्मा. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात मऊ कापडात गुंडाळलेली डिस्क होती.

“ह्यात माझ्या लेकीचा आवाज हाय,” त्या म्हणाल्या. “हाय का न्हाई, तेवढं बघ.”

“मुलगी कुठं असते, मावशी?”

“न्हाई ती. सात वर्षांची होती. तापानं गेली. त्याला आता वीस-एक वर्षं झाली.”

अलकाबाई तेव्हा एका कापड गिरणीत दुसऱ्या पाळीला होत्या. विजेच्या दिव्याच्या टेबलावरून तागा सरकत जायचा आणि त्यातला तुटका धागा, गाठ, डाग त्यांनी नजरेनं पकडायचा, असं त्यांचं काम. घरी पोचेपर्यंत पद्मजा झोपलेली असे. म्हणून मग पोरीनंच युक्ती काढली. रोज संध्याकाळी ती घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसून ‘घरच्या बातम्या’ म्हणे आणि त्या रेकॉर्ड करून ठेवी. आई परत आल्यावर जेवताना त्या ऐके. पद्मजा गेल्यानंतर काही महिन्यांनी एका भाच्यानं कॉम्प्युटर ‘साफ’ करून दिला. डिस्कचे विभाग त्यानं नव्यानं पाडले, आणि ‘पद्दू’ नावाचा विभाग नाहीसा झाला.

“मग आधी कुणाला दाखवली नाही?”

“दाखवली की. तिघांनी बघून परत दिली. वर दुसरं लिहिलंय म्हणाले. तुझ्याकडं ते रफूचं यंत्र आलंय म्हणं. म्हणून आले.”

शमीमनं डिस्क यंत्राच्या खाचेत बसवली. यंत्र गुणगुणू लागलं.

“मावशी, समजा एक चाळ आहे,” ती काम करता करता सांगू लागली. “दारात पाटी असते, कोणत्या खोलीत कोण. तुमच्या भाच्यानं ती पाटी काढून दुसरी लावली. पोस्टमनला वाटतं, जुने भाडेकरू गेले. पण ते आतच असतात. नवं कुणी खोलीत राहायला येईपर्यंत.”

“आणि आलं असंल तर?”

“तर जुन्याचा फक्त माग राहतो. भिंतीवर फोटो काढलेल्या जागी डाग राहतो ना, तसा. डिस्कवर सगळं चुंबकाच्या खुणांनी लिहिलेलं असतं. वर दुसरं लिहिलं तरी कडेला जुन्या खुणेचा थोडा अंश उरतो. हे यंत्र तो अंश वाचतं. जिथं काहीच उरलेलं नसतं तिथं ते रफू करतं. अब्बा कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून बाहेरचं भोक भरायचे. हेही तसंच, त्याच डिस्कवरचे धागे घेऊन भोक भरतं. आवाजातलं भोक त्याच आवाजानं.”

“रफू दिसतं का?”

“कानाला नाही कळत. पण यंत्र सोबत खूणनकाशा देतं. मूळ कुठलं आणि भरलेलं कुठलं, ते त्यात असतं.”

अलकाबाईंनी मान डोलावली. कापडाची भाषा त्यांना समजली होती.

पहिल्या वाचनात चार बातमीपत्रं जवळजवळ अखंड निघाली. शमीमनं एक लावलं. खुर्ची करकरली आणि आवाज आला:

“नमस्कार. मी पद्मजा मगदूम. आज मांजरानं दूध सांडलं. आज्जीनं मांजराला सोडून मलाच मारलं. आता हवामान. आज्जीचा राग उद्यापर्यंत राहील. बातम्या संपल्या.”

मग धप्प असा आवाज. पोरीनं खुर्चीवरून उडी मारली होती.

अलकाबाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढलाच नाही. बाकावरची माणसं दुसरीकडं बघू लागली.

“आवाज विसरले होते गं मी,” अखेर त्या म्हणाल्या. “चेहरा फोटोत तरी दिसतो. आवाज हळूहळू जातो. बाकीचं पण काढ.”

बाकीचं म्हणजे नुसते तुकडे होते. कुठं अर्धं वाक्य, कुठं एक शिंक. शिवाय पहिल्या वाचनातच डिस्कच्या आतला वाचणारा दांडा चकतीवर घासला होता. ती डिस्क आता पुन्हा फिरणार नव्हती. पण शमीमला काळजी नव्हती. आजारी डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही, एकदा प्रत घ्यायची आणि पुढचं सगळं प्रतीवर करायचं, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. त्याप्रमाणे तिनं पहिल्या वाचनातली, थोडी रफू झालेली प्रत यंत्राला पुन्हा दिली आणि जास्तीत जास्त सांधणीचं बटण दाबलं. निघेल ते त्याच प्रतीवर, त्याच नावानं ठेवायला सांगितलं. चांगलं सांधलेलं मिळाल्यावर फाटकं कशाला जपायचं, असं तिला वाटलं.

आठवड्यानं अलकाबाई आल्या, तेव्हा पडद्यावर बातमीपत्रांची लांब रांग होती. सगळी अखंड. त्या बाकावर बसून एकेक ऐकत गेल्या. आज्जीचा कवळीचा डबा हरवल्याची बातमी. शेजारच्या काकूंना पाल दिसल्याची बातमी. मध्येच त्या शमीमला ओरडून सांगत होत्या, “ऐकलंस का? पाल म्हणे पाहुणी आलीय!”

मग एका बातमीपत्रापाशी त्या थांबल्या.

“शमीम, इकडं ये.”

तिनं येऊन तेच बातमीपत्र पुन्हा लावलं. तीच करकरणारी खुर्ची, तोच बारीक, ठसकेबाज आवाज.

“नमस्कार. मी पद्मजा मगदूम. आज घरी खूप माणसं आली आहेत. चपला दारापासून जिन्यापर्यंत गेल्या आहेत. आई कुणाशीच बोलत नाही. आता हवामान. पद्मजा आजपासून घरी नाही. बातम्या संपल्या.”

धप्प.

“हे तिला कुणी सांगितलं?” अलकाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

शमीमनं खूणनकाशा उघडला. नकाशाभर एकच रंग होता. सगळं मूळ. असं होणं शक्य नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली आणि काय झालं असेल ते मागे मागे जाऊन शोधू लागली. थोड्या वेळानं तिनं डोक्याला हात लावला.

“माझी चूक झाली, मावशी.”

“काय केलंस?”

“पहिल्यांदा रफू केलेली प्रत मी यंत्राला पुन्हा दिली. पण खूणनकाशा सोबत दिला नाही. त्याला वाटलं, हे सगळं मूळ कापडच आहे. मग त्यानं रफूतून धागे काढून पुढचं रफू केलं, त्यातून आणखी पुढचं. पद्मजा गेल्यानंतरही कॉम्प्युटर घरात होता ना? दिवसकार्याच्या कार्डाचा मजकूर, आलेल्या लोकांचे फोटो, सगळं याच डिस्कवर आहे. त्यानं तेही धागे ओढले.”

“मग पहिली प्रत लाव.”

“तिच्यावरच लिहिलं मी. जुना खूणनकाशाही त्यातच पुसला गेला.”

अलकाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. “म्हणजे भाच्यानं केलं तेच केलंस की.”

त्या रांगेत पद्मजाचे खरे बोल होते, हे नक्की. पण ते कुठले, हे सांगणारं जगात आता एकच साधन उरलं होतं, आणि ते बाकावर बसून चष्मा पुसत होतं.

“मी निवडते,” अलकाबाई म्हणाल्या. “उभा जन्म कापड तपासलंय. माझ्या पोरीतला खोटा धागा मला कळंल. जे तिचं न्हाई ते पुसून टाक. मग चार बातम्या राहू देत, न्हाई तर एक. पण तिचीच पाहिजे.”

“मावशी, सारखं ऐकून कानही दमतो.”

“नजर पण दमती. आमचा मुकादम काय करायचा, म्हाईत हाय? बायांची नजर शिणली का बघायला चांगल्या ताग्यात मुद्दाम एक डागी तुकडा घालायचा. तो जिच्या हातून सुटला, तिचं त्या दिवसाचं सगळं कापड परत टेबलावर. लई शिव्या द्यायचो आम्ही त्याला.” त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. “तू पण घाल तसा तुकडा. कधी घातलास ते मला सांगू नको.”

त्या रोज दुपारी येऊ लागल्या. शमीमनं त्यांच्यासमोर दोन बटणं ठेवली, एक ‘तिचं’, एक ‘तिचं नाही’. सुरुवातीला काम झपाट्यानं झालं. चपलांचं बातमीपत्र पहिल्याच दिवशी गेलं.

“हे न्हाई. आज्जीला ती ‘अहो आज्जी’ कधी म्हटली न्हाई, ‘ए आज्जे’ म्हणायची.”

“हे न्हाई. सलग दोन वाक्यं न हसता? पद्दू? छे!”

शमीमनं घातलेला पहिला खोटा तुकडा त्यांनी तीन शब्दांत पकडला आणि वर तिला टोमणा मारला, “तुझ्या यंत्राला म्हणावं, जरा घरी येऊन राहा, मग बोल.”

पण दिवस गेले तसा त्यांचा हात सावकाश पडू लागला. एक बातमीपत्र त्या दोनदा ऐकत, मग तीनदा. आधी ‘तिचं नाही’ म्हटलेलं पुसायच्या आधी पुन्हा लावायला सांगत. कधी घरून फोन करत, “कालचं ते पतंगाचं राहू दे गं. रात्रभर आठवत होतं. म्हणायची ती तसं.”

शमीमला भीती वाटू लागली. आठवण ही कपाटात ठेवलेल्या साडीसारखी नसते, हे तिनं वाचलं होतं. दर वेळी ती बाहेर काढली की मेंदू तिची घडी नव्यानं घालतो, आणि घडी घालताना हाताला जे लागेल ते आत जातं. पतंगाचं ते बातमीपत्र रात्रभर आत जात राहिलं होतं.

म्हणून तिनं दुसरा तुकडा घातला. तो तिनं यंत्राकडून आदल्या सकाळीच करवून घेतला होता. विषयही तिचाच होता, सहज सुचलेला. त्यातला एकही शब्द कुठल्याच मुलीनं कधी उच्चारला नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. ती अलकाबाईंच्या मागे उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

“नमस्कार. मी पद्मजा मगदूम. आज विशेष बातमी. आईनं कामाला दांडी मारली. आम्ही दोघी नदीवर गेलो. आता हवामान. आज आई दिवसभर घरी आहे. बातम्या संपल्या.”

अलकाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांचा हात बटणांपाशी गेला नाही.

“घाटावर गेलो होतो,” त्या हळूच म्हणाल्या. “पंचगंगेच्या. निळा झगा होता तिचा, खिशावर बदक. काकडी घेतली, तिखट-मीठ लावून. तिला लागलं तिखट. नदीचंच पाणी प्यायला पळाली, तशी मी दंडाला धरून ओढली. किती रडली! मग कडेवर घेतली. पाय लोंबत होते, एवढी मोठी झालेली, तरी घेतली.”

त्या तुकड्यात काकडी नव्हती. झगा नव्हता. घाटही नव्हता.

“मावशी…” शमीम म्हणाली.

“थांब, बोलू दे.” अलकाबाईंनी चष्मा काढला. डोळे ओले होते, पण चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच सैल झाला होता. “वीस वर्षं मला एकच गोष्ट खात होती, शमीम. बाकी काही न्हाई. पोरीनं जन्मभर बातम्या सांगितल्या मला, आणि मी तिला एक सबंध दिवस दिला न्हाई, ह्याचंच लागून राहिलं होतं. दिला होता की गं! मीच विसरले होते.”

त्यांनी स्वतःच्या बोटानं ‘तिचं’ दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

मुकादम असता, तर आजवरचं सगळं कापड परत टेबलावर आलं असतं. शमीमला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, हा डागी तुकडा मी घातला होता. ते खरं होतं, आणि अलकाबाईंनीच ते आधी मागून ठेवलं होतं. खरी बातमीपत्रं अजून त्या रांगेत कुठंतरी होती, ती वाचवायची तर आजच बोलायला हवं होतं. आणि ते बोलल्यावर घाटावरची ती पोर कडेवरून खाली उतरणार होती.

अलकाबाई खुर्चीतच वळल्या. त्यांनी शमीमचा हात धरला.

“त्या दिवसाचं आणखी काही निघतंय का गं?”