सात नंबरचा फोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही पदरचं नाही. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार होता. सकाळचे सव्वाअकरा. मी मुख्य ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये होतो. कंपनीची चौदा गोदामं, सगळ्यांच्या लाइनी इथेच येऊन मिळतात. फोनही त्यांवरच. प्रत्येक गोदामाला दोन लाइनी, एक मोठी आणि एक अडीअडचणीची बारीक. राउटरमध्ये दोन्हींना आकडे द्यायचे. ज्या लाइनीचा आकडा लहान, तिकडून सगळं जातं.

सात नंबरचं काम मी आदल्या संध्याकाळी केलं. सहा नंबरचे आकडे उचलले, तसेच चिकटवले. सातला वायरी उलट बाजूंना आहेत हे लक्षातच आलं नाही...

खोटं कशाला बोलू? आलं होतं. म्हटलं, उद्या बघू.

कॅमेरे, संगणक, फोन, सगळं त्या बारीक लाइनीत कोंबलं गेलं.

तिथे वॉचमन तात्या एकटेच असायचे. मोबाइलला रेंज नाही. त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्यांचा फोन आला, आवाज तुटत होता. "साहेब, तुमच्या वायरीत मुंग्या शिरल्यात का बघा जरा."

मी हसलो. "तात्या, लाइन ठणठणीत आहे. तुमचाच फोन बिघडलाय."

सव्वाअकराला पुन्हा सात नंबर. उचलला. खरखर... अर्धा शब्द... बंद.

मी चहाला गेलो.

दुपारी ड्रायव्हरला तात्या टेबलाशी पडलेले सापडले. छातीत कळ आली होती. रिसीव्हर हातातच. नोंदीत अकरा फोन होते, सगळे मला.

मी गुपचूप आकडे बदलले. चौकशीत सांगितलं, फोन जुना होता. त्यांची मुलगी रडत म्हणाली, मीच मागे लागून बदलून घ्यायला लावायला हवा होता.

महिन्याभरात ते गोदाम बंद झालं. राउटर मी स्वतः काढून आणला आणि कपाटात ठेवला.

पुढच्या मंगळवारी सव्वाअकराला फोन वाजला.

स्क्रीनवर... सात.

कपाट उघडलं. राउटर तसाच पडलेला. ना वायर, ना दिवा.

फोन उचलला. खरखर नव्हती. कोणीतरी धापा टाकत होतं... आणि मग माझाच आवाज आला.

"तात्या, लाइन ठणठणीत आहे. तुमचाच फोन बिघडलाय."

मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून दर मंगळवारी. टेबल बदललं. नोकरी बदलली. नव्या ऑफिसच्या मुळात चारच शाखा आहेत, तरी सात नंबर येतोच.

गेल्या मंगळवारी ते स्वतः बोलले. अगदी स्वच्छ, शेजारी बसल्यासारखे.

"साहेब, आता येतोय का माझा आवाज?"

येतोय तात्या, चूक माझीच होती, एवढंच म्हणायचं होतं.

मी फोन ठेवून दिला... पुन्हा.

त्यांच्या मुलीचा नंबर दोन तास समोर घेऊन बसलोय. अजून लावलेला नाही.

उद्या मंगळवार आहे.