हवा न लागलेलं कापड

कापडाला हवा देणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या दहा मिनिटांवर अख्खा लॉट तरतो किंवा बुडतो. आमच्या रंगखात्यात कारखान्यात बनलेली नीळ वापरतात. मोठी हट्टी वस्तू, पाण्यात विरघळायचं नाव नाही. हौदात कॉस्टिक सोडा आणि ऑक्सिजन ओढून घेणारं हायड्रो टाकलं की मग नरमते, पिवळी होते आणि सुतात शिरते. ते पिवळं कापड वर काढून दांड्यांवर पसरलं की हवेतला ऑक्सिजन लागतो आणि काठाकडून आधी हिरवं, मग निळं होत जातं. केमिस्ट म्हणून अकरा वर्षं मी हे पाहत होते. त्यात चमत्कार काही नव्हता.

घरी नवरा आजारी होता. फुप्फुसं कडक होत चालली होती. खोलीत ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरायचं. सासूबाई त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून मला फोनवर आकडा कळवायच्या. नव्वदच्या वर असला की माझ्या घशाखाली घास उतरायचा. तो उलट मलाच चिडवायचा, "तुझ्या कापडाला फुकटची हवा, आणि मी मात्र विजेवर चालतोय."

त्या सोमवारी कापड निळं झालंच नाही. दहा मिनिटं झाली, तास झाला, पिवळंच. हायड्रो तपासलं, कॉस्टिक तपासलं, तापमान पाहिलं. सगळं बरोबर. पंखे लावले. त्याच हौदात बुडवून काढलेली चाचणीची चिंधी झटकन निळी झाली, कापड ढिम्म. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, शहाण्णव!" सासूबाई ओरडल्याच. "पोटभर जेवला. खाली फेरी मारून येऊ का, विचारतोय!"

दांड्यांमागे उभी राहून मी आनंदानं रडले. अडीच वाजता काठ हिरवे झाले आणि बघता बघता कापड निळं पडलं. पावणेतीनला पुन्हा फोन. एक्याऐंशी.

योगायोग, मी म्हटलं. तरीही पुढचे चार दिवस कापडाची आणि आकड्याची, दोन्ही वेळा वहीत मांडल्या. कापड पिवळं राहिलं की नवऱ्याला श्वास. कापडानं हवा घेतली की त्याला धाप. शुक्रवारपर्यंत एकही नोंद चुकली नाही. माझ्या शास्त्रानं तिथंच हात टेकले.

मग मी फवारणीचा पंप आणला. त्यात हायड्रो आणि कॉस्टिकचं पाणी भरलं आणि दांड्यांवरच्या कापडावर मारू लागले. काठ हिरवा दिसला की फवारा. बोटांची सालं निघाली. जळक्या आगकाड्यांसारखा वास केसांतून जाईना. कामगार एकमेकांकडे बघायचे. घरी नवरा चालू लागला. मशीन निम्म्यावर आणलं. एका सकाळी त्यानं माझी वेणी घातली. वाकडीतिकडी, पण घातली. त्या वेणीसाठी मी अख्खा कारखाना पिवळा ठेवला असता.

नवव्या दिवशी डाइंग मास्तर खाली आले.

"मॅडम, तीन लॉट अडकलेत. काय चाललंय हे?"

"रंग धरत नाहीये. आणखी एक दिवस द्या."

"हवेनं होत नसेल तर पेरॉक्साइडच्या टाकीत बुडवू. त्यातला ऑक्सिजन लागला की पाच मिनिटांचं काम."

"नको! मास्तर, पाया पडते तुमच्या. माझा नवरा…"

मी हात पसरून कापडापुढे उभी राहिले.

त्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "घरी जा तुम्ही. फार थकलाय," म्हणाले, आणि माणसांना खूण केली.

मी कापडाला मिठी मारली. दोघांनी मला सोडवलं. तिन्ही लॉट टाकीत उतरले.

काठाकडून नाही, हिरवं होऊन नाही. सगळं एकदम निळं झालं.

मी धावत सुटले. फोन कुणी उचलेना. माझ्या तोंडून फक्त "घे, श्वास घे" एवढंच निघत होतं.

घराचं दार सताड उघडं होतं. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, हातात चिमटा घेऊन.

"आकडाच दाखवत नाहीये बघ हा," त्या म्हणाल्या. "सेल गेले असतील. पण तो बरा आहे गं! मशीन त्यानंच बंद केलं. चहा टाकलाय."

मी चिमटा माझ्या बोटाला लावला. सत्त्याण्णव.

आत तो टेबलाशी ताठ उभा होता. मला बघून हसला. खुर्ची ओढून दिली. मशीनशिवाय ही खोली इतकी शांत असते हे मी विसरूनच गेले होते. मला हुंदका आवरेना.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

तो नुसता हसला. त्यानं माझा कप हातात घेतला. मला कढत चहा पिववत नाही हे त्याला ठाऊक. ओठ गोल करून त्यानं कपावर फुंकर घातली. एकदा, दोनदा, अगदी मन लावून.

वाफ जराही न हलता सरळ वर जात राहिली.